रविवारी बस भरपूर असतात

आमच्या घरी रविवार हा कामाचा दिवस आहे. कुवेतमध्ये आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवारची, त्यामुळे बाकीचं जग अंथरुणात लोळत असतं तेव्हा मी शुऐबाच्या प्लांटकडे जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून घोरत असतो. इतकी वर्षं असं घोरल्यावर रविवारची सुट्टी माणसाच्या रक्तातूनच निघून जाते. (बायकोच्या मते सुट्टीबरोबर थोडी अक्कलही गेली.)

तर झालं असं, की इटलीत शिकायला गेलेल्या आमच्या केतकीने तिथलाच एक मुलगा पसंत केला. नाव पाओलो. मुलगा गुणी, पण त्या घरात शब्द चालतो तो त्याच्या आईचा. लग्नाची बोलणी करायची की नाही, हे ती आम्हाला बघून ठरवणार होती. त्यासाठी तिने आम्हाला जेवायला बोलावलं.

"बाबा, संडे लंच. वन ओ'क्लॉक," केतकी फोनवर म्हणाली. "आणि प्लीज डोन्ट बी लेट. त्याच्या मम्माला उशीर अजिबात चालत नाही."

मी भारावून गेलो. फोन ठेवून बायकोला म्हटलं, "सुनीता, कामाच्या दिवशी बोलावलंय बघ. म्हणजे रजा टाकली असणार बिचाऱ्यांनी!"

"मोठ्या मनाची माणसं दिसतात," सुनीता म्हणाली. (हे वाक्य ती आता नाकारते.)

केतकी गाडी घेऊन विमानतळावर येणार म्हणत होती. मी साफ नाही म्हटलं. "अगं, रविवारी बस भरपूर असतात. तुझ्या बापाने सगळं कुवेत बसने पालथं घातलंय. वेळापत्रक काढून ठेवलंय मी."

वेळापत्रक म्हटल्यावर तिनेही हट्ट सोडला. आणि ते मी खरंच काढलं होतं. विमानतळापासून खालच्या गावापर्यंत एक बस आणि तिथून डोंगरावरच्या पाओलोच्या गावाला दुसरी. या दुसरीच्या वेळांचे दोन रकाने होते. डावा गच्च भरलेला, कामाच्या दिवसांचा. उजवा जवळजवळ रिकामा, सुट्टीचा. मी रविवारसाठी अर्थातच डावा बघितला.

विमानतळावरची बस वेळेवर सुटली. सुनीता ठेवणीतल्या रेशमी साडीवर लोकरीचा कोट आणि पायात चालायचे बूट घालून बसली होती. मांडीवर नारळाच्या वड्यांचा डबा. खिडकीतून डोंगर दिसायला लागले आणि मला इतका आनंद झाला की मी ड्रायव्हरला हिंदीत "क्या बात है!" म्हणालो. तोही हसला. मी सुनीताकडे असं बघितलं, की जणू हा देश मीच बांधलाय.

खालच्या गावात उतरलो. बसथांब्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. तिकिटाच्या दुकानाचं शटर खाली.

"संप असेल," मी म्हणालो. "युरोपात फार संप होतात."

"सगळ्या गावाचा? समोरचा न्हावीही बंद आहे."

तेवढ्यात चर्चच्या घंटा वाजायला लागल्या. माझा चेहरा उजळला. "हां! प्रार्थनेची वेळ. आपल्याकडे शुक्रवारी दुपारी नाही का दुकानं बंद होत? प्रार्थना झाली की बघ कशी रांगेने बस येतात."

प्रार्थना झाली. माणसं आली, बस आली नाही. एक आजीबाई मिठाईचा पुडा घेऊन चालल्या होत्या. त्यांना मी वेळापत्रक दाखवलं. त्यांनी मोबाईलमध्ये काहीतरी बोलून पडदा माझ्यापुढे धरला. 'आज रविवार आहे.'

"येस, येस, रविवार!" मी जोरजोरात मान हलवली. त्यांनीही हलवली. आमचं इतकं एकमत झालं की त्या निश्चिंत मनाने निघून गेल्या.

सुनीता मात्र रस्त्याकडे बघत होती. नटूनथटून निघालेली कुटुंबं, कट्ट्यावर पेपर वाचणारे म्हातारे, चौकात चेंडू खेळणारी पोरं. ती सावकाश म्हणाली, "अहो, आज इथे आपला शुक्रवार आहे."

मी घाईने उजवा रकाना बघितला. एक बस आम्ही विमानात असतानाच गेली होती. दुसरी संध्याकाळी होती. एक वाजायला आला होता, आणि माझ्या पोरीचं लग्न माझ्यामुळे थांब्यावर अडकलं होतं.

केतकीला फोन केला. "बाबा, कुठली बस? इट्स संडे!"

"ते मला आता गावात सगळ्यांनी सांगितलंय," मी म्हणालो.

शेवटी पाओलोचे वडील स्वतः आले, एका इवल्याशा गाडीतून, पोटावर स्वयंपाकाचा एप्रन तसाच. मी घाईघाईत जुन्या सवयीनेच म्हटलं, "सॉरी. यू टेक लीव्ह फॉर अस." त्यांनी काही न कळून माझ्या पाठीवर थाप मारली आणि वळणावळणाच्या रस्त्याने गाडी अशी हाणली की सुनीताने डोळे मिटून वड्यांचा डबा छातीशी धरला.

दारात विहीणबाई उभ्या होत्या. त्यांनी आधी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. आत भुकेलं घराणं टेबलाभोवती बसलं होतं. केतकीने पडेल आवाजात सगळा प्रकार सांगितला. विहीणबाईंनी काहीतरी विचारलं.

"त्या विचारतायत," केतकी म्हणाली, "रविवारी बाबा कामावर, मग तुम्ही सगळे एकत्र जेवता कधी?"

"शुक्रवारी," सुनीता म्हणाली. "पण ही इकडे आल्यापासून दोघंच असतो."

केतकीने ते त्यांच्या भाषेत सांगितलं. विहीणबाईंनी सुनीताचा हात धरून तिला आपल्या शेजारी बसवलं आणि माझ्या ताटात इतकं वाढलं की मला समोरचा पाओलो दिसेना. मला रडूच यायचं बाकी होतं.

जेवण झालं, वड्या संपल्या. विहीणबाई केतकीकडे बघून काहीतरी बोलल्या आणि केतकीचा चेहरा एकदम फुलला. "बाबा, त्या विचारतायत, लग्न मे महिन्यात ठेवू या का? पहिल्या रविवारी?"

सुनीताचे डोळे भरले. सगळं टेबल श्वास रोखून माझ्याकडे बघत होतं. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "ठेवा की. पण कामाच्या दिवशी लोक येतील का?"