पॅकिंगच्या टेबलावरची मुहूर्तमेढ

वर्षालीला थांबणं म्हणून माहीत नव्हतं. काळेवाडीच्या घरात सकाळचा चहा गार होईपर्यंतही तिला दम निघत नसे. जीभ भाजून घ्यायची, स्कूटरला किक मारायची आणि चाकण गाठायचं. अशा बाईला दौलतरावांच्या कारखान्यात कॉम्प्युटर हळूहळू रुजवायचं काम मिळावं, याला काय म्हणावं!

दौलतराव मूळचे तिथलेच शेतकरी. आता त्याच जमिनीवर ते गाड्यांचे सुटे भाग बनवत होते. आदल्या वर्षी एका सल्लागाराने त्यांच्या गळ्यात भलंमोठं सॉफ्टवेअर मारलं आणि एकाच सकाळी स्टोअरपासून गेटपर्यंत सगळीकडे चालू करून दिलं. दुपारपर्यंत कोणता माल कुठे आहे ते कुणालाच कळेना. ट्रक गेटवर अडकले आणि मोठ्या गिऱ्हाइकाने फोनवर नको नको ते ऐकवलं. म्हणून वर्षालीला त्यांनी स्पष्ट बजावलं होतं, की पुन्हा ट्रक अडला तर कॉम्प्युटर माळ्यावर जातील आणि तिने दुसरी नोकरी बघावी.

एवढं होऊनही गडी सुधारला नव्हता. दसऱ्याच्या मुहूर्तावर सगळ्या कारखान्यात कॉम्प्युटर एकदम चालू करायचे, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. वर्षालीला आधी फक्त पॅकिंगचं टेबल हवं होतं. खोक्यावरचं लेबल स्कॅनरने वाचायचं, बास. तिथल्या चुका निस्तरल्या की पुढचं. तिने तक्ते दाखवले, दौलतरावांनी जांभया दिल्या. मुहूर्त साधायचा तर अर्धवट कसा, हे त्यांचं पालुपद. शेवटी तिने वेगळंच विचारलं.

"काका, तुमच्या मैत्रीताईच्या लग्नात मुहूर्तावर अख्खा मांडव घातला होता का?"

"न्हाई. लेकीच्या लग्नाला मुहूर्तमेढ रोवली. एकच."

"आणि मांडव?"

"त्यो मागनं, सावकाश..." म्हणता म्हणता दौलतराव थांबले आणि मिशीत हसले. "लबाड हायेस."

दसऱ्याला स्कॅनरने मुहूर्ताचं एक लेबल वाचलं. मग स्कॅनरची दणक्यात पूजा झाली आणि पेढे खाऊन मंडळी घरी गेली.

दुसऱ्या दिवशी स्कॅनर मुका. पॅकिंग सांभाळणाऱ्या, परभणीकडच्या छबूबाई खोक्यामागून खोकं पुढे करत होत्या, पण तो ढिम्म. गेटवर ट्रक उभा. वर्षालीने वायरी तपासल्या, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, आणि मग स्कॅनर उलटा करून पाहिला. काचेवर कुंकवाचा जाड टिळा आणि त्याला चिकटलेल्या अक्षता! तिने रुमाल काढला, तर छबूबाईंनी तिचा हात धरला.

"ताई, पूजेचं कुंकू असं पुसत नसतेत."

एरवी इथेच सगळं बोंबललं असतं. पण वर्षालीने हाताने चिठ्ठ्या लिहायची जुनी पद्धत मुद्दाम चालू ठेवली होती. छबूबाईंनी भराभर चिठ्ठ्या लिहिल्या आणि ट्रक वेळेवर हलला. मग त्यांनीच हात जोडून ते कुंकू पदराने टिपलं आणि स्कॅनरच्या मुठीला नवं लावलं. स्कॅनर बोलू लागला. संध्याकाळपर्यंत छबूबाई त्याच्याशी भांडतही होत्या.

दिवाळीच्या तोंडावर पॅकिंगमधून चुकीचं खोकं जाणं थांबलं आणि चिठ्ठ्यांची गरजच उरली नाही. वर्षालीला इतका आनंद झाला की तिचा मूळ स्वभाव उफाळून आला. ती तडक दौलतरावांच्या केबिनमध्ये गेली आणि सोमवारपासून स्टोअर, प्रेसशॉप, हिशेब, सगळं एकदमच चालू करू, असं एका श्वासात सांगून मोकळी झाली.

दौलतरावांनी शांतपणे बशीत चहा ओतला आणि बशी तिच्यापुढे सरकवली.

"दम धर, पोरी. आत्ताशी मेढ रोवलीय. आता फकस्त स्टोअरचा खांब उभा करू."

वर्षाली ओशाळून हसली. तिने बशी उचलली आणि चक्क फुंकर मारून चहा प्यायला.