ओटीवर हसलो तो भाग

पॉडकास्ट काढायची कल्पना माझी नव्हती. डोक्यावर गोधडी घेऊन माइकसमोर बसायची कल्पना मात्र माझी. नांदेडला एम.ए. करत होतो, विष्णुपुरीला खोली होती आणि त्या खोलीत आवाज असा घुमायचा की गोधडीशिवाय मी विहिरीतून बोलतोय असं वाटे. वर्गातली हदगावची मैत्रीण तिच्या होस्टेलवरून बोलायची, मी माझ्या गोधडीतून. विषय एक जुनी कादंबरी. सासू आणि तरुण सून, दोघी मिळून शेत कसतात, घर चालवतात, एवढीच गोष्ट.

चार भाग ठरले. पहिले तीन मैत्रिणीच्या टिपणांवर पार पडले. त्यांत मी मधूनमधून 'अगदी बरोबर' म्हणायचो आणि फार अभ्यासू वाटायचो. चौथ्याच्या वेळी तिच्या घरचं सोयाबीन काढायला आलं.

"शेवटचं प्रकरण तू घे," जाताना ती म्हणाली. "वाचलंस ना?"

"हाव," मी म्हणालो.

वाचलं नव्हतं. माझ्याकडे परीक्षेचं गाईड होतं. त्यात अख्ख्या कादंबरीचा दोन पानांत सारांश होता आणि शेवटची ओळ अशी: सासू सुनेची ओटी भरून तिला माहेरी पाठवते. एवढ्या ऐवजावर मी बावीस मिनिटं बोललो. "दोनशे पानं दोघींना उन्हात राबवलं आणि शेवट काय, तर खण-नारळ. लेखकाला बहुतेक कुणाच्या तरी लग्नाला जायची घाई झाली असावी." यावर मी स्वतःच हसलो. मग गोधडीतून घामाघूम बाहेर येऊन लिहिलं, 'मनमोकळे अभिप्राय पाठवा.'

अभिप्राय आले अकरा. त्यांतले सात लातूरच्या आमच्याच घरातले. वडिलांचा होता, 'आवाज छान आला. जेवलास का?' तिघांनी अंगठे पाठवले. अकरावा रेणापूरहून आलेला, बोलून पाठवलेला निरोप होता. आवाज बाईंचा, सावकाश.

"दादा, मी रेणापूरहून बोलायलेय. अंगणवाडीत हाय. तुमचे सगळे भाग आमी दोघींनी ऐकले, मी आन् माझ्या सासूबाई. त्यांना वाचता येत न्हाई. मी ते पुस्तक आधी वाचलेलं, म्हनून त्या शेवटासाठी त्यांना रोज जवळ बसवत होते. तुमी हसले, मग त्याबी हसल्या."

मागे भांडी वाजत होती, बाई पुढे सांगत होत्या.

"त्या सुनेचा नवरा तिसऱ्याच प्रकरणात जातो की, दादा. तसल्या बाईची ओटी कोन भरतंय? ती सासू भरती. माझे मालक जाऊन नऊ वर्षं झाली. आता पंधरा दिवसांनी भावाच्या लेकीचं लग्न हाय. मला सासूबाईंना तोंडानं म्हनता येत न्हाई, म्हनून पुस्तकाकडून म्हनायचं होतं. बघा, जमलं तर."

मैत्रीण तिसऱ्या प्रकरणावर बोलत असताना त्या नवऱ्याच्या मरणाबद्दल मीही चांगला हळहळलो होतो. चौथ्या भागापर्यंत त्याला विसरलो. विसरायचं कारण मला पुढे सापडलं, ते लातूरला. आमच्या घरी हळदीकुंकू असलं की आमची आत्या आपणहून स्वयंपाकघरात जाते आणि सगळ्या बाया उठेपर्यंत चहाचं बघते. तिचे यजमान मी बालवाडीत असतानाच गेले. मला इतकी वर्षं वाटायचं, आत्याला चहा चांगला जमतो.

मैत्रिणीला फोन लावला. ती वावरात होती.

"प्रकरण वाचलं होतंस का?"

"सारांश वाचला होता."

"किती?"

"दोन पानं."

"आन् बोललास बावीस मिनिटं. म्हंजे पानामागं अकरा. लई हुशार हायस."

"माफीचा एक भाग करू का? त्यात मी असं म्हणतो की..."

"तू काहीच म्हनायचं न्हाई. पुस्तक आन, ते पान वाच आन् गप बस."

ग्रंथालयात उभ्या उभ्याच प्रकरण वाचलं. सून पिशवी घेऊन दारात उभी असते. सासू सुपात गहू घेऊन येते. सून मागे सरकते. शेजारणी ओट्यावर येऊन बघायला लागतात, तर सासू आत वळत नाही, त्यांच्याकडे तोंड करून उभी राहते आणि सुनेला पदर पसरायला सांगते. एवढंच. नारळाचा उल्लेखसुद्धा नाही. तो माझ्या पदरचा.

पहिल्या खेपेला मी आवाज जड केला आणि मागे बासरी लावली. मैत्रिणीनं ऐकून दोन शब्द लिहिले, 'बासरी काढ.' दुसऱ्या खेपेला सुरुवातीला म्हणालो, मागच्या वेळी मी न वाचता बोललो होतो. मग ते पान सरळ वाचलं आणि थांबलो. सगळं मिळून सहा मिनिटं.

आठ दिवस रेणापूरहून काही नाही. लातूरहून चुलतभावाचा अभिप्राय आला, 'आधीचा भाग बरा होता, हसू तरी आलं.' मी दर तासाला फोन बघत होतो. लग्नाला रेणापूरच्या बाई जातील, हे ठरलेलंच होतं. ओटी भरून जातील की तशाच, ते माझ्या सहा मिनिटांवर अडलंय असं मला वाटत होतं. मी स्वतःला नेहमीच जरा जास्त महत्त्व देत आलोय.

नवव्या दिवशी सकाळी निरोप आला. मागे एसटीचा खडखडाट.

"दादा, ऐकवलं. ह्या पोराची बडबड कमी असली की बरा वाटतो, येवढंच म्हनल्या सासूबाई. परत विषय न्हाई. मीबी काढला न्हाई. आज पिशवी घेऊन निघाले तर मागनं हाक मारली. पदर धर म्हनल्या. शेजारची सून दारातच होती, तिच्याम्होरंच. घरात खण न्हवता, काही न्हवतं. गहू घातले आन् वर एक सुपारी. तुमचं ते नारळाचं मी त्यांना सांगितलं, तर त्या हसल्या. गाठ मारून बसलेय बघा गाडीत. कंडक्टर म्हनतोय, मावशी, पदरात काय लपवलं."

मी उत्तरादाखल लांबलचक काहीतरी लिहिलं. ते खोडलं. दुसरं लिहिलं, तेही खोडलं. शेवटी 'ऐकलं, ताई' एवढंच पाठवलं. सासूबाईंचा अभिप्राय होता, त्याला मान द्यायलाच हवा होता.