बत्तिसावा खलाशी

शालू रेवाळे आमच्या वाचनालयात सहा वर्षं येत होत्या. डोंबिवली पूर्वेला, एका बँकेच्या वरच्या मजल्यावर आमचं छोटं वाचनालय आहे आणि निवृत्तीनंतर मी तिथे ग्रंथपालाचं काम बघतो. त्या जवळच्याच पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होत्या. दर शनिवारी दुपारी यायच्या, मुलीसाठी एखादं पुस्तक आणि स्वतःसाठी मासिक न्यायच्या. नवऱ्याबद्दल कुणी विचारलं तर म्हणायच्या, "ते जहाजावर असतात." सहा वर्षांत मी त्या माणसाला कधी पाहिलं नव्हतं आणि त्यात मला काही वावगंही वाटलं नव्हतं.

गेल्या वर्षी आम्ही वाचकांसाठी स्पर्धा ठेवली. एक अभिजात साहसकथा वाचायची आणि तिच्यावर चार पानं लिहायची. कादंबरी मीच निवडली होती. दीडशे वर्षांपूर्वीची इंग्रजी कादंबरी, तिचा जुना मराठी अनुवाद. हरवलेल्या बापाला शोधायला एक तरुण बत्तीस माणसांचं जहाज घेऊन दक्षिणेच्या समुद्रात जातो, वादळ, बंड, बर्फ सगळं सोसतो आणि बापाला घेऊन परत येतो. मी ती नववीत असताना वाचली होती. शेवटी बंदरावर तोफा वाजतात ते पान मला अजूनही पाठ आहे.

शालूताईंनी स्पर्धेला नाव दिलं तेव्हा मला जरा आश्चर्यच वाटलं.

बाकीच्यांनी धैर्यावर लिहिलं, बाप-लेकाच्या मायेवर लिहिलं. शालूताईंनी चारही पानं बाराव्या प्रकरणातल्या दीड ओळीवर लिहिली होती. ती ओळ अशी: 'त्या रात्री लाटेने एक खलाशी ओढून नेला. पहाटे वारा पडला आणि सर्वांचे चेहरे उजळले.' त्यांचं म्हणणं, हा खलाशी कोण? त्यांनी पुस्तकातलं एकेक नाव तपासलं होतं. चौथ्या प्रकरणात जोनास नावाचा एक शिडं शिवणारा येतो, त्याची दाढ दुखत असते. बाराव्या प्रकरणानंतर तो कुठेच दिसत नाही, म्हणजे तोच असणार. 'परत आले ते एकतीस,' त्यांनी लिहिलं होतं, 'जोनासच्या घरी कोण गेलं आणि काय सांगितलं, हे लेखकाने लिहायला पाहिजे होतं.'

मी लाल शाईने शेरा मारला: 'मूळ कथानकाकडे दुर्लक्ष. विषयांतर.' त्यांनी परत केलेल्या कादंबरीच्या प्रतीत प्रत्येक खलाशाच्या नावाखाली पेन्सिलीने रेघ होती. मी चिडून एक अख्खी दुपार त्या रेघा खोडत बसलो.

बक्षीस समारंभानंतरच्या शनिवारी त्या निबंध परत मागायला आल्या. शेरा वाचला, पानांची घडी घातली. रागावलेल्या दिसल्या नाहीत. मग म्हणाल्या, "काका, त्यांनी जहाज मागे का नाही वळवलं?"

मी शाळेत शिकवावं तसं समजावलं. शिडाचं जहाज, भर वादळ, वळवायला गेले असते तर सगळेच बुडाले असते.

"आमच्या जहाजाला तर इंजिन होतं," त्या म्हणाल्या.

मग उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं. नवरा, धनेश, मालवाहू जहाजावर इंजिन रूममध्ये फिटर होता. आठ वर्षांपूर्वी, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून दोन दिवसांवर जहाज असताना, संध्याकाळी सातला तो जेवला. सकाळी आठला ड्युटीवर आला नाही. जहाजाने पाच तास मागे जाऊन शोध घेतला आणि मग आपल्या वाटेने पुढे निघून गेलं. कंपनीचा दोन ओळींचा ई-मेल आला. काही महिन्यांनी त्याची बॅग आली. आतले कपडे कुणीतरी धुऊन, इस्त्री करून ठेवले होते, त्यामुळे त्यांना त्याचा वासही राहिला नव्हता.

मुलगी समृद्धी तेव्हा बारा वर्षांची होती, आता माजिवड्याला एका ऑफिसात नोकरी करते. कायद्याने लागणारी सात वर्षं उलटून गेली, आता कोर्टात अर्ज करून धनेशला मृत घोषित करून घ्यावं, असं ती आणि दीर महिपत दोघंही वर्षभर सांगत होते. घर त्याच्या नावावर होतं. शालूताई टाळत होत्या. स्पर्धेला त्यांनी नाव दिलं तेही पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचं जहाज बघून.

"शेवटी तरी कुणी त्याच्याबद्दल विचारेल असं वाटलेलं," त्या म्हणाल्या. "म्हणून दोनदा वाचलं."

जाताना त्यांनी विचारलं, मराठी करताना काही गाळलं असेल का? मूळ इंग्रजीत त्याचं नाव असेल का? मी शोधून सांगतो म्हणालो. निदान एवढं तरी माझ्या हातात आहे, असं वाटलं.

ठाण्याला टेंभी नाक्याजवळ माझे जुने सहकारी रवींद्र राहतात. त्यांच्याकडे मूळ कादंबरी मिळाली. मी त्यांच्या हॉलमध्ये बसून बारावं प्रकरण पाच वेळा वाचलं, मग सगळं पुस्तक चाळलं. नाव नव्हतं. इंग्रजीत तर खलाशी असा शब्दही नव्हता. जहाजावर राबणाऱ्या माणसाला त्या भाषेत 'हात' म्हणतात. लेखकाने लिहिलं होतं, आमचा एक हात गेला. आणि जोनास पंधराव्या प्रकरणात जिवंत होता. बर्फात अडकलेल्या जहाजावर बसून तो हातमोजे शिवत होता. तो परिच्छेद अनुवादकाने गाळला होता.

हे सांगावं की नाही, यात माझे चार दिवस गेले. शेवटी फोन केला, कारण खोटं बोललो असतो तर त्यांनी विश्वास ठेवला असता.

"म्हणजे लेखकालापण माहीत नव्हतं तो कोण होता," शालूताई म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवला.

त्याच आठवड्यात त्यांनी कल्याणच्या कोर्टात अर्ज केला. त्यानंतर त्या वाचनालयात आल्या नाहीत. मी एकदा लॅबमध्ये गेलो होतो. काउंटरमागे त्या रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या. मला पाहिलं, मान हलवली आणि पुन्हा कामाला लागल्या. मी माफी मागायला गेलो होतो, पण तसाच परत आलो.

या फेब्रुवारीत समृद्धी आईचं कार्ड परत द्यायला आली. आई आता काही वाचत नाही, म्हणाली. कोर्टाचा हुकूम झाला होता. मृत्यूचा नेमका दिवस सिद्ध होत नाही म्हणून अर्ज दाखल केला तो दिवसच मृत्यूची तारीख धरला होता. त्या दिवशी धनेशला जाऊन आठ वर्षं झाली होती, आणि कोर्टातून आल्यावर शालूताई नेहमीसारख्या लॅबमध्ये गेल्या होत्या.

श्राद्धासाठी गुरुजींना विचारलं, तर त्यांना ती कागदावरची तारीख पटेना. त्यांनी सर्वपित्री अमावास्या सांगितली. ज्यांची तिथी कुणालाच ठाऊक नसते, त्या सगळ्यांचं त्या दिवशी एकत्र करतात.

"आई काय म्हणाली?" मी विचारलं.

समृद्धी म्हणाली, "गुरुजींना चहा दिला आणि आत जाऊन झोपली."