दादाच्या धमनीचं माप

बावीस वर्षं मी गाड्या आपटल्या. खऱ्या नाही, कॉम्प्युटरवर. चाकणच्या कंपन्यांचे बंपर, दरवाजे, सीट. खरा भाग मोडण्याआधी तो पडद्यावर मोडून बघायचा, हे माझं काम. गेल्या वर्षी चिंचवडच्या आमच्या छोट्या ऑफिसने वैद्यकीय काम घेतलं. महाधमनी आतून फाटली तर त्यात स्टेंट-ग्राफ्ट बसवतात. तारेच्या स्प्रिंगवर कापड चढवलेली ती नळी मांडीतून आत सरकवायची, जागेवर उघडायची आणि फाट झाकायची. आम्ही ते आधी कॉम्प्युटरवर बसवून दाखवणार होतो.

प्रत्येक मॉडेल तपासायला मी सव्वीस मुद्द्यांची यादी केली. मला यादीशिवाय भाजी आणायलाही जमत नाही. प्रयोगशाळेतल्या रबरी नळ्यांवर आमची उत्तरं जुळली, सगळे खूश झाले. आणि पहिला खरा पेशंट निघाला माझा मोठा भाऊ.

दादा आकुर्डीच्या दुचाकी कारखान्यातून निवृत्त झालेला, तीस वर्षं चाकं जोडणाऱ्या लाइनवर. पाठीत कळ आली ती आम्ही दोन दिवस पित्त समजलो. स्कॅनमध्ये दिसलं की महाधमनीचा आतला थर फाटून रक्त थरांच्या मध्ये शिरलंय. औषधांनी रक्तदाब उतरवला आणि तिसऱ्या आठवड्यातल्या शुक्रवारी ग्राफ्ट घालायचं ठरलं. दादाचे डॉक्टर आमच्या या कामाच्या चाचणीत सहभागी होते. दादाने संमतीच्या कागदावर सही केली आणि मला म्हणाला, "फक्त बंपर समजून आपटू नकोस मला."

भावाचं मॉडेल मी करू नये म्हणून ते सहकाऱ्याला दिलं. यादी मात्र माझी, आणि सव्वीस मुद्द्यांपुढे टीकही मीच मारली.

प्रश्न एकाच मापाचा होता. फाटीच्या वर जिथे धमनी धड आहे, तिथे ग्राफ्टचं वरचं टोक बसतं. ग्राफ्ट लहान झाला तर सरकतो, मोठा झाला तर स्प्रिंगच नवी फाट पाडू शकते. स्कॅनवर ती रुंदी एकतीस मिलिमीटर होती. रक्ताचा दाब दिल्यावर आमच्या मॉडेलमध्ये चौतीस झाली. सोमवारी आम्ही चौतीस कळवलं. डॉक्टर फोनवर म्हणाले, "मग एक साइज वरचा घ्यावा लागेल. गुरुवारी चारच्या मीटिंगमध्ये नक्की करू."

बुधवारी दुपारी मी हॉस्पिटलमध्ये डबा घेऊन गेले. दादाला कंटाळा आला होता, म्हणून त्याला लॅपटॉपवर त्याचीच धमनी दाखवली. दाब वाढवला तशी ती फुगत गेली. त्याने दोनदा पाहिलं.

"आता हवा भरलीस?"

"रक्ताचा दाब दिला."

"आणि स्कॅन काढला तेव्हा मी काय मेलेलो होतो?"

"दादा, काहीतरी बोलू नकोस."

"अगं, तेव्हाही प्रेशर होतंच की आत. फुगलेल्या ट्यूबचं माप घेतलंस आणि वर परत हवा मारलीस. आमच्या लाइनवर असं केलं असतं तर सुपरवायझरने चहा बंद केला असता."

मी पोळीचा तुकडा तसाच डब्यात ठेवला. यादीतला चौथा मुद्दा मला पाठ होता: 'मूळ आकार जसाच्या तसा घ्या, सुरुवातीचा ताण शून्य.' गाडीच्या पत्र्याचं ड्रॉइंग येतं तेव्हा त्याच्यावर भार नसतो. रबरी नळ्याही रिकाम्याच स्कॅन केल्या होत्या, म्हणून उत्तरं जुळली. जिवंत माणसाची धमनी रिकामी नसते. चौथ्या मुद्द्यापुढची टीक मी नेहमीप्रमाणे न वाचता मारली होती. इतका राग मला कधी कोणाचा आला नव्हता, आणि तो काढायला माझ्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं.

ऑफिसला फोन केला. आधी धमनीचा दाबाविना आकार काढायचा, मग दाब द्यायचा. सोळा तास लागतील, म्हणजे वेळ होता. सहकारी म्हणाला, "मॅडम, मशीनवर चाकणचा बंपर चाललाय. उद्या सकाळी त्यांचा रिव्ह्यू आहे."

"बंद करा."

"अहो, ते लोक मला सोलतील!"

"माझं नाव सांगा. बंपरला पाठदुखी नाहीये."

त्याने बंपर थांबवला. गुरुवारी सकाळी मी साडेआठला पोहोचले, तर गणित पहाटेच कोलमडून पडलेलं. पडद्यावर ग्राफ्टची तार धमनीच्या भिंतीतून आरपार गेली होती. आकडे तपासले, मॉडेलची जाळी तिथे बारीक केली, मोडलं तिथून पुढे पुन्हा लावलं. अकराला पुन्हा तेच. आता पहिल्यापासून करायला सोळा तास उरलेच नव्हते. वहीत मी 'पर्याय' असं लिहून खाली रेघ मारली. 

बाराला डॉक्टरांना फोन केला. कारण सांगताना ट्यूबचाच दाखला दिला, दुसरे शब्द सापडत नव्हते.

"नवा आकडा किती?" त्यांनी विचारलं.

"नवा आकडा नाही. जुना वापरू नका, एवढंच सांगायचंय."

त्यांनी तिथेच दादाचा स्कॅन उघडून पाहिला. मग म्हणाले, "ठीक आहे. स्कॅनवर एकतीस आहे, त्याच्यावरच जातो. लेखी पाठवा."

इतक्या महिन्यांच्या कामानंतर माझ्या भावाच्या उपचारात आमचा वाटा एका ओळीचा होता: आधी कळवलेलं माप रद्द समजावे.

शुक्रवारी ग्राफ्ट नीट बसला. थरांमधलं रक्त हळूहळू गोठेल, ते बघायला तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन आहे. सोमवारी आमचं गणित एकदाचं पूर्ण झालं: एकतीस. मी ते दादाला सांगितलं.

"म्हणजे मशीनचं आणि डॉक्टरचं जुळलं?"

"चार दिवस उशिरा."

"आणि चाकणच्या बंपरचं काय झालं?"

तो अजून थांबलेलाच होता. तो पुन्हा सुरू करायचं मी यादीत लिहायलाच विसरले होते.