थोरल्या भावाची भूमिका

अहिल्या मोहरीरचा नवरा स्पॅनिश आहे आणि पूर्वी नट होता, एवढं अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरमधल्या बहुतेक मराठी घरांना माहीत होतं. तो किती मोठा नट होता हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं, आणि एलादिओला तेच सलायचं.

एलादिओ स्पेनमधल्या सारागोसाचा, बेकरीत काम करणाऱ्याचा मुलगा. अठराव्या वर्षी तो एका फिरत्या नाटक कंपनीत शिरला. आधी खुर्च्या मांडल्या, दिवे टांगले, मग दोन-दोन वाक्यांची कामं केली. सत्ताविसाव्या वर्षी त्याला एका नाटकात थोरल्या भावाचं काम मिळालं. नाटक त्याच्याच भागातल्या एका लेखकाचं, पिठाच्या गिरणीवर राहणाऱ्या घराचं. थोरला भाऊ खूप वर्षं तुरुंगात काढून घरी येतो आणि उंबऱ्यातच त्याला कळतं, की आई केव्हाच गेली. ते ऐकल्यावर एलादिओ गुडघ्यांवर कोसळायचा आणि असा टाहो फोडायचा, की पुढच्या रांगेतली माणसं खुर्चीचे हात घट्ट धरायची. त्या टाहोने त्याला सिनेमा दिला. पुढे टीव्हीवरच्या एका मालिकेत तो कित्येक वर्षं गावचा डॉक्टर होता. रस्त्यात म्हाताऱ्या बायका त्याला थांबवून आपलं ब्लडप्रेशर सांगायच्या.

अहिल्या नागपूरची. सारागोसाच्या विद्यापीठात संशोधनाला आली होती, तेव्हा त्यांची ओळख झाली आणि लग्नही. तिची आई त्याला फोनवर अजून ‘एलादिओराव’ म्हणते. अहिल्याला न्यू जर्सीतल्या औषध कंपनीत नोकरी लागली, तेव्हा तो आनंदाने निघाला. न्यूयॉर्क ट्रेनने तासाभरावर होतं, आणि नट कुठेही गेला तरी नटच, असं त्याला वाटत होतं.

न्यूयॉर्कला तसं वाटलं नाही. त्याचे उच्चार ऐकून लोक हसून मान डोलवायचे आणि पुन्हा फोन करायचे नाहीत. मिळाली ती कामं गुंडाची, गुंडाच्या आचाऱ्याची आणि एकदा तर प्रेताची. शेवटी त्याने शाळेत स्पॅनिश शिकवायला सुरुवात केली. जवळच्या हौशी नाट्यसंस्थेला दिग्दर्शक हवा होता, तेही काम त्याने घेतलं. दोन-तीन नाटकं चांगली झाली. लोक त्याला मानू लागले.

“मला आता स्टेजवर उभं राहायची हौस नाही,” तो सांगायचा. अहिल्याला ते खरं वाटायचं नाही. तालमीत एलादिओ अंधारात बसलेला असायचा आणि प्रत्येक नटाच्या वाक्याबरोबर त्याचे ओठ हलायचे.

गेल्या वर्षी त्याने तेच गिरणीचं नाटक इंग्रजीत बसवायला घेतलं. थोरल्या भावाच्या कामासाठी ऋषी देवगडे नावाचा मुलगा आला. चौतीस वर्षांचा, अमरावतीचा, एका बँकेत आयटीत काम करणारा. कॉलेजच्या एकांकिकांनंतर त्याने तोंडाला रंग लावला नव्हता. पण त्याने पहिलं पान वाचलं आणि खोलीतले बाकीचे कुजबुजायचे थांबले. एलादिओने त्याला लगेच घेतलं. त्या दिवशी तो खरंच खूश होता.

आईच्या मृत्यूचा प्रसंग बसवायची वेळ आली, तेव्हा बिनसलं. बहिणीचं काम करणारी डोना म्हणाली, “आई गेली.” ऋषी बुटांची लेस सोडत होता. त्याचे हात क्षणभर थांबले. मग सोडलेली लेस त्याने सावकाश परत बांधली. बस, एवढंच. डोनाच्या डोळ्यांत पाणी आलं.

“नाही,” एलादिओ म्हणाला. “गुडघ्यांवर ये. आवाज काढ, पोटातून.”

त्याने स्वतः करून दाखवलं. पुन्हा पुन्हा दाखवलं. ऋषी प्रामाणिकपणे प्रयत्न करत राहिला, आणि जितका करत गेला तितका बिघडत गेला. मग एलादिओ त्याची वाक्यं कापू लागला. नाटकाला वेग हवा, असं कारण दिलं. गिरणीच्या आठवणीचं एक अख्खं भाषण गेलं.

एका तालमीनंतर ऋषीने अहिल्याला पार्किंगमध्ये गाठलं. “ताई, माझं काय चुकतंय यार? सर रोज काहीतरी कट करतात. मी सोडू का?”

“सोडू नकोस,” अहिल्या म्हणाली. आणि घरी जाताना गाडीत नवऱ्याला म्हणाली, “तुला त्याचा हेवा वाटतो.”

“त्याचा? तो बँकेत सॉफ्टवेअर लिहितो.”

“म्हणूनच.”

एलादिओने गाडीतला रेडिओ लावला.

पहिल्या प्रयोगाला मराठी मंडळातली बरीच माणसं आली होती. ऋषीने टाहो फोडलाच नाही. त्याने लेस बांधली. सगळं थिएटर गप्प झालं आणि शेवटी लोक उभे राहिले. एलादिओ मागच्या भिंतीशी हाताची घडी घालून उभा होता. नटाने दिग्दर्शकाचं ऐकलं नाही, याचा राग आलाय, असं तो स्वतःला सांगत राहिला. गावच्या वर्तमानपत्राने ऋषीबद्दल भरभरून लिहिलं. दिग्दर्शन ‘नीटनेटकं’ होतं म्हणे. आणि न्यूयॉर्कच्या एका छोट्या नाट्यगृहाची बाई विंगेत येऊन ऋषीचा नंबर घेऊन गेली. एलादिओ शेजारीच होता. त्याच्याशी तिने फक्त हात मिळवला. इतकी वर्षं दारोदार फिरून जे त्याला मिळालं नव्हतं, ते या मुलाला एका नाटकात घरबसल्या मिळत होतं.

पुढच्या शनिवारी दुपारी ऋषीचा फोन आला. बँकेची सिस्टिम बंद पडली होती, त्याला ऑफिस सोडता येत नव्हतं. “सॉरी सर. शो कॅन्सल करावा लागेल?”

“नाही,” एलादिओ म्हणाला. “मी करतो.” अहिल्याने त्याला इतकं तरतरीत कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. त्याने दाढी केली, घरभर फेऱ्या मारत वाक्यं म्हटली. आता या लोकांना दाखवतो, असं काहीतरी तो स्पॅनिशमध्ये पुटपुटत होता.

प्रयोग छान चालला होता. तो प्रसंग आला. डोना म्हणाली, “आई गेली.” एलादिओने छाती भरून श्वास घेतला. आणि त्याला जाणवलं, की आता ओरडलं तर खोटं होईल. तालमीत अंधारात बसून त्याने ऋषीला इतकं पाहिलं होतं, की त्याला दुसरं काही सुचेना. त्याचे हात लेसकडे गेले. त्याने ती सावकाश बांधली.

लोक गप्प. मग टाळ्या. अमेरिकेत आल्यापासून त्याने एवढ्या टाळ्या घेतल्या नव्हत्या. पडदा पडल्यावर डोनाने त्याला मिठी मारली. तो पटकन स्वतःला सोडवून घेऊन कपडे बदलायला गेला. त्या टाळ्या कुणाच्या होत्या, हे त्याला ठाऊक होतं.

रविवारी तो थिएटरवर लवकर गेला. ऋषी एकटाच मेकअपला बसला होता.

“काल मी तुझं ते लेस बांधणं चोरलं,” एलादिओ म्हणाला.

“मला डोनाने सांगितलं,” ऋषी हसला. “चोरलं कसलं सर? तुमच्याच नाटकात आहे ना.”

“तुला सुचलं कसं ते?”

ऋषी आरशातच बघत राहिला. “माझी आई कोविडमध्ये गेली. विमानं बंद होती. बाबांचा फोन आला, तेव्हा मी बूट घालत होतो, दुकानातून दूध आणायचं होतं. मी बूट घातले आणि जाऊन दूध आणलं.” मग म्हणाला, “मी ओरडलो नाही, सर. तुम्ही तालमीत ओरड म्हणायचात, तेव्हा मला तेच आठवायचं.”

एलादिओ शेजारच्या खुर्चीवर बसला. या मुलाला आपण गुडघ्यांवर पाडत होतो. तो म्हणाला, “ते गिरणीचं भाषण पाठ आहे अजून?”

“आहे.”

“आज म्हण.”

ऋषीने ते म्हटलं, आणि त्या दिवशीचा प्रयोग सगळ्यांत चांगला झाला.

न्यूयॉर्कच्या बाईने त्याला खरोखरच काम देऊ केलं. पण ऋषीच्या व्हिसावर बँकेशिवाय दुसरीकडे पैसे घेऊन काम करता येत नव्हतं. त्याने नकार कळवला आणि जेवायला आला असताना अहिल्याच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या सांगून टाकलं. अहिल्या हळहळली. एलादिओने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो गेल्यावर भांडी आवरता आवरता एलादिओ म्हणाला, “तो नाही म्हणाला, तेव्हा मला बरं वाटलं. एक क्षणभर. पण वाटलं.”

“मला दिसलं,” अहिल्या म्हणाली.

“त्यालाही दिसलं असेल?”

“नसेल. तू चांगला नट आहेस.”

तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्याने एका वकिलाला फोन करून ऋषीच्या ग्रीन कार्डबद्दल विचारलं. अजून बरीच वर्षं थांबावं लागेल, असं कळलं.

या वर्षीच्या नाटकातही मुख्य काम ऋषीचंच आहे. एलादिओ त्याला हवं तसं करू देतो, क्वचितच अडवतो आणि त्याची वाक्यं कापत नाही. पण ऋषीचा मोठा प्रसंग सुरू झाला, की तो मागचं दार हळूच उघडतो आणि बाहेर गाड्यांमध्ये जाऊन उभा राहतो. टाळ्या थांबल्या, की आत येतो.