मधली हातभर जागा

आमच्या पाद्रीबाबांएवढा भित्रा माणूस मी उभ्या डिचोलीत पाहिला नाही. कुत्रं भुंकलं की ते माझ्या ट्रकच्या आड जात, वीज चमकली की कान झाकत. बरं, लपवायची भानगडच नाही. भर बाजारात सांगत, "म्हाका भंय दिसता रे!" मी हसलो की म्हणत, "भंय सगल्यांक दिसता, पुता. हांव फकत सांगतां."

तरुणपणी ते आफ्रिकेतल्या एका चर्चमध्ये होते. शेजारी मुसलमान. त्याच्या रोज्याच्या महिन्यात हे त्याच्यासमोर पाण्याचा घोटसुद्धा घेत नसत. इकडे येताना ती सवय घेऊनच आले. मी सावंतवाडीकडचा, ट्रक चालवायला येऊन सर्वणला स्थायिक झालेला, आणि शिरगावच्या लईराईचा धोंड. जत्रेआधी आम्ही धोंड व्रत पाळतो, सोवळ्यात कुणाला शिवत नाही, आणि मग देवीच्या होमाच्या निखाऱ्यांवरून चालतो. व्रताच्या दिवसांत पाद्रीबाब माझ्या अंगणाबाहेर उभे राहून ओरडून गप्पा मारायचे. सगळ्या वाड्याला आमची ख्यालीखुशाली कळायची.

मराठी की कोकणी, या वादाने तेव्हा गोवा पेटला होता; पाद्री म्हणजे कोकणीवाले, असंच सगळे धरून चालत. जत्रा तोंडावर आलेली, माझं व्रत चालू, तरी मालकाने मला बांद्याहून चिरे आणायला पिटाळलं. परतताना धारगळला पाद्रीबाब रस्त्यावर उभे. बसगाड्या बंद. मी त्यांना घेतलं. ते दाराला असे चिकटून बसले की आमच्यामध्ये हातभर जागा मोकळी राहिली.

पुढच्या वळणावर झाड आडवं टाकलेलं. जमाव मराठीवाल्यांचा, म्हणजे माझ्याच बाजूचा. तरी त्यांचे डोळे पाहून माझी बोबडी वळली. दगड आला, काच फुटली. "पाद्रीक खाली उतरय!" एकाने दार उघडून त्यांचा झगा धरला.

"म्हाका भंय दिसता, पुता," ते पुटपुटले. त्यांचा हात माझ्या दंडाकडे आला, मध्येच थबकला, आणि त्यांनी तो मागे घेऊन सीटची कड पकडली. बोटं पांढरी पडली होती. अशा वेळी या माणसाला माझं सोवळं आठवलं!

मी सीटमागची धोंडाची वेताची काठी बाहेर काढली. "लईराईचो धोंड आसंय मी. वाट सोडा."

"धोंडाच्या बाजूक पाद्री? व्रत मोडलां तुझां!"

"धारगळपासून ते माका शिवाक नाय. ही बघ जागा."

त्याने ती जागा पाहिली. सीटला आवळलेली ती बोटं पाहिली. झगा सोडला. झाड बाजूला झालं. डिचोली येईपर्यंत मी गाडी कुठे थांबवली नाही.

पुढे ते थकले, वृद्ध पाद्रींच्या आश्रमात अंथरुणाला खिळले. निरोप आला तेव्हा नेमके माझे व्रताचे दिवस. मी तसाच गेलो. माझ्या हातात वेताची काठी दिसताच त्यांनी आपला हात चादरीखाली ओढून घेतला.

"म्हाका भंय दिसता, पुता," ते हळूच म्हणाले.

मी काठी भिंतीला टेकवली, चादरीखाली हात घातला आणि त्यांचा हात धरला. तो गार होता. त्यांनी सोडवून घ्यायचा प्रयत्न केला; मी सोडला नाही. मग त्यांनीच घट्ट धरला.

त्या वर्षी मी निखाऱ्यांवरून चाललो नाही. बायकोने कारण विचारलं. म्हटलं, पाद्रीबाबांना भीती वाटत होती.