गॅरेजमधला दुसरा बेंच

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बायकोला नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा मनातल्या मनात एवढी एक गोष्ट वगळूनच पुढे जात आलो. मग तुम्हालाच का सांगतोय? — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून, दुसरं काय! ओळखीच्या माणसासमोर तोंड उघडायची माझी छाती कधी झाली नाही.

एका सुताराबद्दल मी खोटं बोललो. चार माणसांसमोर, दिवसाढवळ्या, एकच वाक्य. पण नुसतं तेवढंच असतं, तर मी आज असा तळमळत बसलो असतो का? थांबा. नीट सांगतो. नीट सांगता येईल की नाही ते माहीत नाही, पण प्रयत्न करतो.

पार्ल्याला आमचं बसकं कौलारू घर होतं. वडील डॉक्टर होते. ते गेल्यावर त्यांची मोटार विकली गेली आणि अंगणाच्या कडेचं पत्र्याच्या छपराचं गॅरेज रिकामं पडलं. पन्नास सालानंतरची तीन-चार वर्षं असतील. अर्ध्या घरात भाडेकरू, उरलेल्या दोन खोल्यांत आम्ही तिघं — आई, माझा थोरला भाऊ मधूदादा आणि मी. दोघेही फोर्टात कारकून. माझं लग्न ठरत आलं होतं. गॅरेजला खिडकी पाडून, चुना मारून तिथे वसंताची खोली करू, असं आई एकदा म्हणाली होती. वसंता म्हणजे मी.

आणि मग दादाने नोकरी सोडली. शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांना लागणारे तराजू, स्टँड, लाकडी पेट्या घरीच बनवायच्या, असं त्याने ठरवलं. त्याच्या हातात कला होती, हे मला मान्य करावंच लागेल. घड्याळाची स्प्रिंग असो की सतारीची खुंटी, त्याच्या बोटांना सगळं कळायचं. तर गॅरेज दादाचं झालं. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर मी हो म्हणालो असतो हो! — तेच तर. मला मोठ्या मनाने हो म्हणायचं होतं, चांगला भाऊ म्हणून मिरवायचं होतं. तेवढीही संधी मला दिली नाही कुणी.

बेंच बांधायला दादाने गोविंद मेस्त्रींना बोलावलं. कुडाळकडचा माणूस, मालाडला एका खोलीत राहायचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा. पार्ल्यात अर्ध्या घरांची दारं-खिडक्या त्याच्या हातची होती. त्याने पहिल्या दिवशी लाकडाला हातच लावला नाही. दादाला गॅरेजमध्ये ताठ उभं केलं, हात खाली सोडायला लावले आणि तळहात जिथवर आले तिथे भिंतीवर कोळशाने रेघ मारली. बेंचची उंची तेवढी. दिवसभर रंधा मारून कंबर दुखायला नको ना! मग त्याने जमिनीवर पाणी ओतून पाहिलं. मोटार धुतल्यावर पाणी वाहून जावं म्हणून गॅरेजची फरशी दाराकडे उतरती होती. म्हणजे दाराकडचे पाय बोटभर लांब हवेत. हे सगळं मी ऑफिसला जाता-येता बघत होतो आणि जळत होतो. माझ्या खोलीचं माप कुणी असं घेतलं नव्हतं.

बेंच दोन करायचे होते. पहिला लाकूडकामाचा, एका पाडलेल्या घराच्या जुन्या सागाचा. तो गणपतीच्या आधीच उभा राहिला. दुसरा लोखंडकामाचा, जास्त जड, त्यावर ड्रिलचं बिडाचं मशीन बसायचं होतं. त्याला वखारीतून नवीन लाकूड आणलं आणि ते पावसाने ओलसर राहिलं. मेस्त्री म्हणत होते थांबा, दादा म्हणत होता दसऱ्याच्या आत उभा करा. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करूनच कारखाना सुरू करायचा, हा त्याचा हट्ट. त्याला तो कारखाना म्हणायचा! — पाहा, अजूनही माझ्या लिहिण्यात तो कुत्सितपणा डोकावतोच.

अष्टमीच्या संध्याकाळी मी ऑफिसमधून आलो तेव्हा दादा मशीन आणायला कुर्ल्याला गेलेला होता आणि आई देवळात. मेस्त्री गॅरेजच्या पायरीवर बसून पटाश्या पुसत होते. त्यांच्या घरच्या रीतीप्रमाणे अष्टमीला दिवस मावळला की हत्यार खाली ठेवायचं, नवमीला पुजायचं, ते दसऱ्याला उचलायचं. मध्ये काही झालं तरी हात लावायचा नाही. बेंच उभा दिसत होता. पायांमधून आरपार गेलेल्या आडव्या पट्ट्या, आणि त्या सुटू नयेत म्हणून त्यांच्या टोकांत ठोकलेल्या लाकडी पाचरी. त्यांनी मला हाक मारली आणि बोटाने दाखवलं.

"भित्तीकडच्यो पाचरी पक्क्यो. ह्यो दाराकडच्यो मारताना फुटल्यो, लाकूड वला आसा. आता नुसत्यो ढलप्यो खोचून ठेवलंय. दसऱ्याक सुक्या लाकडाच्यो करून आणतलंय. तवसर ह्येच्यार वजन ठेवू नकात. मोठ्या भावांक आठवणीन सांगा हां."

मी म्हणालो, सांगतो.

आता यात न कळण्यासारखं काही आहे का? भिंतीकडचं टोक पक्कं, दाराकडचं नुसतं दिसायला उभं. वजन टाकलं की ते पाय उतारावरून बाहेर सरकणार. शेंबड्या पोरालाही कळेल. मला कळलं होतं.

दादा मशीन घेऊन हातगाडीबरोबर आला, फार खुशीत होता. जेवताना तो उद्याच्या पूजेबद्दल बोलत राहिला. मशीन बेंचवर चढवूनच पुजायचं, त्यालाही हळदकुंकू लागलं पाहिजे. आई त्याच्या पानात वाढत होती आणि हसत होती. मी भात कालवत होतो. सांगायला कितीसा वेळ लागला असता? एक घास खाली ठेवून, 'अरे दादा, मेस्त्री म्हणत होते' — संपलं. सकाळी उठल्यावर सांगता आलं असतं. झेंडूचे हार करताना सांगता आलं असतं. पुढची कित्येक वर्षं मी स्वतःला समजावत राहिलो की मी विसरलो. कामाच्या गडबडीत विसरतो माणूस, नाही का?

मी विसरलो नव्हतो. क्षणभरसुद्धा नाही. उलट त्या रात्री मला दुसरं काही आठवतच नव्हतं.

मला काय हवं होतं? दादाचा हात जावा असं वाटत होतं का? — नाही हो, नाही! मला वाटलं होतं, शेजारीपाजारी जमतील, मशीन चढवताना बेंच डुगडुगेल, फार तर मशीन घसरून खाली पडेल, दादाची जरा फजिती होईल. आईच्या चेहऱ्यावरचं ते कौतुक पाच मिनिटं उतरेल. बस. एवढंच. हे एवढंच होतं असं मी म्हणतो, आणि ते म्हणतानाच मला कळतं की हे किती घाणेरडं आहे.

नवमीला सकाळी पूजेची तयारी झाली. पहिल्या बेंचवर करवती, रंधे, पटाश्या ओळीने मांडलेल्या. मशीनखाली दोन बांबू घालून आम्ही चौघांनी ते उचललं. दादा, मी आणि शेजारचे दोघे. ते दुसऱ्या बेंचवर बसलं. बसलं, आणि उभं राहिलं! शेजारचे दोघे हात झटकून मागे झाले. आई तबक घेऊन पुढे आली. दादाने मशीनवर हात ठेवून जरा हलवून पाहिलं आणि म्हणाला, "वसंता, किंचित हलतंय रे हे." मला अजून वेळ होता. त्याने दाराकडच्या बाजूनेच वाकून एक लाकडी चकती घेतली आणि मशीनच्या तळाखाली सरकवू लागला. उजव्या हाताने. मी म्हणालो, "फरशी उतरती आहे, त्यानेच असेल."

मग बेंचचे दाराकडचे पाय गेले.

आवाजाचं, रक्ताचं मी काही सांगणार नाही. मशीन उचलून त्याचा हात मीच मोकळा केला, हे खरं. उजव्या हाताची तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली.

दसऱ्याला सकाळी गोविंद मेस्त्री आले. त्यांना काहीच माहीत नव्हतं. धुतलेला सदरा, एका हातात आपट्याची पानं, दुसऱ्या हातात फडक्यात गुंडाळलेल्या नव्या पाचरी. आई इस्पितळातून नुकतीच आली होती, अंगणात बायाबापड्या जमल्या होत्या. आई त्यांच्या अंगावर धावूनच गेली. माझ्या लेकाचा हात खाल्लात तुम्ही, म्हणाली. मेस्त्री गॅरेजमध्ये डोकावले, पडलेला बेंच पाहिला आणि सगळं समजले. मग हळूच म्हणाले, "आई, मी धाकट्या भावांक सांगून गेलेलंय."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"नाही मेस्त्री," मी म्हणालो, "मला तुम्ही काही सांगितलं नाहीत."

आवाज कापला नाही माझा. अगदी शांतपणे बोललो, जरासं वाईट वाटल्यासारखा चेहरा करून. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही — मी चुकून बोललो असेन, आता सुधारेन, अशी वाट बघत. मी वाट संपू दिली. मग ते म्हणाले, "असात. माझाच कायतरी चुकला असतला." पाचरी पायरीवर ठेवल्या आणि गेले. ते भांडले का नाहीत? रडणाऱ्या आईसमोर तिच्या दुसऱ्या मुलाला खोटं पाडू नये, असं वाटलं असेल का त्यांना? की आपलं ऐकणार कोण, हे त्यांना ठाऊक होतं? मला कधीच कळणार नाही, कारण मी कधी विचारलं नाही.

पार्ल्यात बातमी पसरायला किती वेळ लागतो! बेंच अर्धवट ठेवून गेला, सांगितलंसुद्धा नाही, बिचाऱ्या मधूचा हात गेला. त्यांना कुणी शिवी दिली नाही, फक्त काम दिलं नाही. दोनेक वर्षांनी मालाडच्या एका वखारीत मी त्यांना पाहिलं. फळकुटं ठोकून फळांची खोकी करत होते. ज्या माणसाने माझ्या भावाच्या तळहाताचं माप घेऊन बेंच बांधला, तो खोकी ठोकत होता! मी रस्ता ओलांडून पलीकडे गेलो. पुढे ते गावी गेले आणि तिथेच वारले, असं कळलं.

दादा डाव्या हाताने लिहायला शिकला आणि कुठल्याशा कचेरीत जावक टपालाच्या टेबलावर बसला. तराजू एकही झाला नाही. आणि गॅरेज — गॅरेज मला मिळालं. दादानेच दिलं. खिडकी पाडली, चुना मारला, माझं लग्न झालं, माझी दोन्ही मुलं तिथेच रांगली. जुन्या सागाच्या त्या पहिल्या बेंचचा बायकोने ओटा केला. स्टोव्ह, पाण्याची पिंपं, पाटावरवंटा, सगळं त्यावर. बावीस वर्षांत तो तसूभर हलला नाही. ती कौतुकाने म्हणायची, कुणी केलाय हो हा? मी म्हणायचो, होता एक सुतार.

दादा गेल्या वर्षी गेला. शेवटपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, वसंता होता म्हणून, नाहीतर अख्खा हात गेला असता. माझ्या तोंडावर सांगायचा. आणि मी मान खाली घालून ऐकायचो, लोकांना तो विनय वाटायचा. इस्पितळात त्याच्या उशाशी बसून एकदा सुरुवात केली होती, 'दादा, त्या बेंचचं' — तो म्हणाला, जाऊ दे रे, त्या बिचाऱ्या मेस्त्रीला मी कधीच माफ केलंय. मी गप्प बसलो. तेव्हासुद्धा गप्प बसलो!

अजून एक राहिलं. इतका वेळ मी त्याच्याभोवती घिरट्या घालतोय, तुमच्या लक्षात आलं असेल. सांगतो, आणि मग माझ्याकडे सांगण्यासारखं काही उरणार नाही.

फजितीच हवी होती, असं मी वर लिहिलं. बेंच नुसता डुगडुगेल असं वाटलं होतं, असंही लिहिलं. पण नवमीला सकाळी मशीन उचलण्याआधी कोण कुठे उभं राहणार हे ठरत होतं. दादा आधीच भिंतीच्या बाजूला जाऊन बांबूला हात घालून उभा होता. मला म्हणाला, तू दाराकडून धर.

मी म्हणालो, "नको, तिकडे मी येतो. तू दाराकडे जा, तुला उजेड नीट मिळेल."

तो हसला, आणि दाराकडे गेला.